घशात हाड अडकले आणि वरून भाताचा गोळा गिळला

नमस्कार. आखाड सुरू झाला की कोल्हापुरात मटणाच्या दुकानांपुढे रांगा लागतात आणि माझ्या व्हिडिओंखाली तोच प्रश्न येऊ लागतो: "डॉक्टर, हाड अडकले आहे, भाताचा गोळा गिळू का?" गिळू नका.

श्वास घेता, बोलता किंवा खोकताच येत नसेल, तर वस्तू श्वासमार्गात अडकली आहे आणि हाती मिनिटेच आहेत. तो विषय वेगळा. आज अन्ननलिकेविषयी बोलू. मोठ्या माणसात ती सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते आणि तिचे तोंडच सर्वांत अरुंद असल्यामुळे हाड, नाणे, कवळी बहुधा तिथेच अडकते.

आता भाताचा गोळा. टोकदार हाड आडवे रुतलेले असते. वरून गोळा ढकलल्यावर ते सरळ होऊन खाली जाईलच असे नाही, उलट भिंतीत आणखी खोल शिरू शकते, आणि भिंत फाटली तर जंतुसंसर्ग थेट छातीत पसरतो. "आमच्या आजीचा काटा भातानेच गेला," असे एका ताईंनी लिहिले आहे. गेला असेल, परंतु माशाचा बारीक काटा पुष्कळदा टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी टोचतो आणि नळीचे हाड म्हणजे काटा नव्हे. माझ्या चुलत्यांनी तर पंगतीत मी शेजारी बसलेलो असताना, मला न विचारता, आधी भात, मग केळे आणि शेवटी भाकरीचा चतकोर गिळला. दुर्बिणीने हाड काढताना आधी तो सगळा लगदा उपसावा लागला. शिवाय भूल देण्यासाठी पोट रिकामे हवे असते, हे त्या केळ्याला कोण सांगणार?

लाळसुद्धा गिळता येत नसेल किंवा वस्तू टोकदार असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे. बोटे घालून उलटी काढू नये.

तोंडाने काही देऊ नये या नियमाला एक अपवाद आहे. लहान मुलाने बटणासारखी चपटी बॅटरी गिळली, तर दोन तासांतही अन्ननलिका गंभीर भाजू शकते. एक्स-रेमध्ये ती नाण्यासारखीच गोल दिसते, फक्त तिला दुहेरी कडा असते. बॅटरी गिळून बारा तासांपेक्षा कमी वेळ झाला असेल, मूल एक वर्षाहून मोठे असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर रुग्णालयाच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. घरात मध नसेल, तर तो आणण्यासाठी वाटेत दुकानापाशी गाडी थांबवू नये.