आधी पी, मग एस : मधली सेकंदं काय सांगतात

मंडळी, भूकंपाच्या बातमीत अपिकेंद्राचं, म्हणजे भूकंपाच्या उगमाच्या नेमक्या वर जमिनीवर असलेल्या बिंदूचं, ठिकाण छापून येतं. ते ठरवण्याचा हिशेब एका साध्या गोष्टीवर उभा आहे. खडक सरकला की दोन प्रकारच्या लाटा एकाच वेळी निघतात, पण त्यांचा वेग वेगळा असतो.

पहिली पी. ती ज्या दिशेने जाते त्याच दिशेने खडकाला दाबते आणि ताणते. दुसरी एस. ती खडकाला वाटेच्या आडवं हलवते. भूकवचात पी सेकंदाला साधारण 6 किलोमीटर जाते, एस साडेतीन. वाट जितकी लांब तितकी एस मागे पडते. दोघी पोचण्यातला सेकंदांचा फरक मोजा आणि 8 ने गुणा. 30 सेकंदांचा फरक म्हणजे भूकंप सुमारे 240 किलोमीटरवर. घड्याळ दोन मिनिटं पुढे असलं तरी हा फरक बदलत नाही. भूकंप नेमका किती वाजता झाला हे सांगताना मात्र तीच दोन मिनिटं अंगाशी येतात.

चूक होते ती एस ओळखताना. पी आल्यावर रेघ थरथरतच राहते आणि एस त्या थरथरीतच येते. उभी हालचाल दाखवणाऱ्या आलेखावर ती शोधत बसू नका. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम हे दोन आडवे आलेख शेजारी ठेवा. रेघ अचानक रुंद होऊन झोके संथ झाले की तिथे खूण करा. 3 सेकंद चुकलात तर 24 किलोमीटर चुकलात.

मग निदान तीन भूकंपमापन केंद्रांभोवती मोजलेल्या अंतराएवढ्या त्रिज्येची वर्तुळं काढायची. ती सहसा एका बिंदूत मिळत नाहीत. आपण मोजलेलं अंतर जमिनीखालच्या नाभीपर्यंतचं, म्हणजे खडक जिथे सरकला त्या जागेपर्यंतचं, म्हणून तिरकं असतं. त्यामुळे वर्तुळं जरा मोठी पडून मध्ये छोटा तुकडा उरतो. कोयनेचे बहुतेक भूकंप 10 किलोमीटरच्या आतले. तिथली खोली नीट काढायची तर एखादं केंद्र जवळजवळ डोक्यावरच हवं. शंभर किलोमीटर लांबच्या केंद्राला नाभी 5 किलोमीटरवर आहे की 10 वर, हे कळणं कठीण. तिरक्या वाटेची लांबी जेमतेम बदलते.

लांबच्या भूकंपाला हा 8 चा गुणाकार लावू नका. लाटा प्रावरणात, म्हणजे भूकवचाखालच्या थरात, उतरतात, खाली वेग वाढत जातो, म्हणून त्या वाकून पुन्हा वर येतात. 12 जून 1897 च्या आसामच्या भूकंपाच्या युरोपातल्या नोंदी पाहून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी पी, एस आणि पृष्ठभागावरून येणाऱ्या लाटा वेगळ्या केल्या. 1906 मध्ये त्यांनीच लाटांच्या उशिरावरून पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचं दाखवलं. 2,900 किलोमीटर खोलीवर पीचा वेग सेकंदाला साडेतेरा किलोमीटरच्या वरून एकदम 8 वर येतो आणि एस तिथेच थांबते, कारण गाभा तिथे द्रव आहे आणि द्रवाला आडवं ढकललं तर तो परत जागेवर येत नाही. वेग असा घसरल्याने गाभ्यात शिरणारी पी आत वळते, म्हणून अपिकेंद्रापासून सुमारे 103 ते 142 अंशांच्या पट्ट्यात तिची सावली पडते, म्हणजे ती तिथे थेट पोचत नाही.

पण त्या सावलीतही क्षीण पी सापडत होत्या. 1936 मध्ये डॅनिश भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेमान यांनी त्यांचा अर्थ लावला: बाहेरच्या गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे आणि त्या लाटा त्याच्यावरून परतून येतात.