इफ्ताहचा नवस

नमस्कार श्रोतेहो.

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, काही अध्याय असे आहेत की उपासनेत ते वाचायची पाळी आली की वाचणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. 'शास्ते' या पुस्तकाचा ११ वा अध्याय त्यातलाच. संडे स्कूलमध्ये पोरांना शमशोन शिकवतात, दावीद आणि गल्याथ शिकवतात. इफ्ताहची लेक कुणी शिकवत नाही. आज तिच्याविषयीच बोलायचं आहे.

इफ्ताह हा इस्राएलच्या गिलाद मुलखातला. वेश्येच्या पोटचा म्हणून सावत्र भावांनी त्याला हाकलून दिलं होतं. पुढं अम्मोनी लोक चालून आले, तेव्हा गिलादच्या वडीलधाऱ्यांना बरोबर तोच आठवला. लढाईला निघताना त्यानं देवाला नवस केला : मला जय दे, मी सुखरूप परतल्यावर माझ्या घराच्या दारातून जे सामोरं येईल ते तुझं, मी त्याचा होम करीन. जय मिळाला. आणि दारातून डफ वाजवत, नाचत आली ती त्याची एकुलती एक मुलगी. बापानं अंगावरचे कपडे फाडले आणि वर तिलाच म्हणाला, पोरी, तू मला पार खचवलंस! तिनं फक्त दोन महिने मागून घेतले, मैत्रिणींसोबत डोंगरात जाऊन आपल्या कौमार्यासाठी रडायला. ती परत आली आणि बापानं नवसाप्रमाणे केलं. शास्त्र एवढंच सांगतं. मुलीचं नाव सांगत नाही, आणि देव यावर काय म्हणाला तेही सांगत नाही.

देव इथं बोलत नाही, म्हणून माणसं बोलत आली आहेत. इ. स. ३८७ मध्ये अंत्युखिया शहरात दंगल झाली, बादशहाचे पुतळे पाडले गेले, आता शिक्षा काय होते म्हणून सगळं शहर धास्तावलं होतं. त्या दिवसांत तिथले नामांकित ख्रिस्ती प्रवचनकार योहान क्रिसोस्तोम यांनी शपथा वाहण्याच्या खोडीवर प्रवचनांतून झोड उठवली आणि इफ्ताहचा दाखला दिला. पुढं कुणी असले नवस करू नयेत म्हणून देवानं हे घडू दिलं, असं त्यांचं म्हणणं. क्रिसोस्तोम मोठे खरे, पण हे काही माझ्या गळी उतरत नाही. जगाला धडा मिळावा म्हणून लेक कुणाची जावी?

तेराव्या शतकात कॅथलिक धर्मपंडित थॉमस अक्विनास यांनी जेरोम या जुन्या धर्मगुरूचा आधार घेऊन स्पष्ट सांगितलं : नवस केला तो अविचारानं, फेडला तो अधर्मानं. पाप करायला लावणारा नवस पाळायचाच नसतो. कॅथलिक शिकवणीत हे मत पक्कं मुरलं आहे. प्रॉटेस्टंटांचे मार्टिन ल्यूथर यांनीही, मुलीचा बळी गेलाच नाही असं म्हणणाऱ्यांना उत्तर दिलं की वचन स्वच्छ आहे, उगाच सारवासारव नको.

दुसरा पक्ष म्हणतो, मुलगी जगली. तिला आयुष्यभर अविवाहित ठेवून देवाला वाहिलं. मध्ययुगातल्या दाविद किमही या यहुदी पंडितानं हे मांडलं आणि पुढं पुष्कळ प्रॉटेस्टंटांनी उचललं. त्यांचा मुद्दा हलका नाही. ती रडते ती कौमार्यासाठी, मरणासाठी नाही. नरबळी तर बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायात सरळ निषिद्ध आहे. शिवाय नव्या करारातल्या 'इब्री' या पत्रात (११:३२) इफ्ताहचं नाव विश्वासवीरांच्या यादीत आहे, मग लेकीला मारणारा तिथं कसा बसेल?

युरोपात हा अर्थ ऐकून लोकांना हायसं वाटलं असेल. त्यांच्या डोळ्यांपुढं मठातली जोगीण आली असेल. आपल्या मराठवाड्यात काय येतं? माळेगावच्या यात्रेचा हा मुलूख. खंडोबाला नवस बोलून मुलगी मुरळी म्हणून सोडायची चाल आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिलेली आहे. कायद्यानं ती बंद झाली, पण "देवाला सोडली" म्हणजे त्या पोरीच्या वाट्याला काय आलं, हे इथं कुणी समजावून सांगायला नको. म्हणून हा 'सौम्य' अर्थ आपल्याकडं तेवढा सौम्य राहत नाही.

जालन्याकडच्या एका खेड्यात बायकांच्या बायबल अभ्यासात हा अध्याय निघाला होता. दोन्ही बाजू सांगून झाल्या. लसूण सोलत बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "आन् पोरीची माय कुठं होती हो पाळकसाहेब?" पाळकसाहेबांनी अध्याय वरपासून खालपर्यंत पुन्हा चाळला. मायचा उल्लेखच नाही. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत स्त्रीवादी ख्रिस्ती अभ्यासकांनी याच अंगानं हा अध्याय वाचला आहे : नवस बापाचा, जय बापाचा, आणि फेड लेकीची. शेवटच्या ओवीकडं ते बोट दाखवतात. इस्राएलच्या मुली दरवर्षी चार दिवस तिच्यासाठी जमत. पुरुषांनी नाव टिपलं नाही, तरी मुलींनी आठवण ठेवली.

मला स्वतःला बळी गेला असंच वाटतं. इब्रीच्या यादीत पुष्कळ चुका केलेला शमशोनही आहे. त्या यादीत नाव आलं म्हणजे सगळी करणी धुतली गेली असं नव्हे. पण मला खरा खुपतो तो इफ्ताहचा मुकेपणा. हा माणूस बोलण्यात हार जाणारा नव्हता. गिलादच्या वडीलधाऱ्यांशी त्यानं सरदारकीचा सौदा चोख केला, अम्मोनी राजाशी दूत पाठवून लांबलचक वाद घातला. सदोम शहराचा नाश टळावा म्हणून अब्राहामानं देवाशी घासाघीस केली आणि तिथं किती नीतिमान माणसं सापडली तर शहर वाचेल, तो आकडा पन्नासावरून दहावर आणला होता. इफ्ताह मात्र लेकीसाठी देवाला एक शब्द विचारत नाही. लेवीय २७ मध्ये तर नवस केलेल्या माणसाला चांदी देऊन सोडवायची सोय होती. पाच ते वीस वर्षांच्या मुलीसाठी दहा शेकेल (शेकेल हे त्या काळचं चांदीचं वजन). याच अध्यायात, जे देवाला पूर्ण समर्पित झालं ते सोडवता येत नाही, असंही आहे. म्हणजे वादाला जागा होती. तो वाद तरी घालायचा!

यहुदी गुरूंनी यावर एक जुनी कथा सांगितली आहे. नवस सोडवून देण्याचा अधिकार मुख्य याजक फिनहास याला होता. फिनहास म्हणाला, मी मुख्य याजक, त्या अडाण्याच्या दारी मी जाऊ? इफ्ताह म्हणाला, मी इस्राएलचा सरदार, मी त्याच्याकडं जाऊ? दोघांच्या मानपानात पोरगी गेली.