आधी भिंत, मग टब, मग टाइल

मंडळी, वाकड्या भिंतीला टब कसा बसवावा हा आजचा विषय आहे आणि ती रीत मी सांगणारच आहे. परंतु भिंत वाकडी का झाली हे पाहिल्यावाचून रीत सांगणे मला पटत नाही. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि पाया उथळ असला की तिच्याबरोबर भिंतही हलते. त्यात आपण पूर्णेच्या खोऱ्यातले, खारपाणपट्ट्यातले लोक. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतील या पट्ट्यात विहिरीच्या खाऱ्या पाण्याने कालवलेल्या गिलाव्यातून पुढे पांढरा क्षार फुलतो, गिलावा पोकळ होतो आणि भिंतीला पोट येते.

दर्यापूर तालुक्यातील एका घरी वृद्ध आईच्या गुडघ्यांना ऊन पाण्याचा शेक मिळावा म्हणून मुलाने साडेपाच फुटी ॲक्रिलिकचा टब आणला. न्हाणीच्या जुन्या भिंतीला मधोमध पोट होते. ठेकेदाराने ओळंबा, म्हणजे भिंत सरळ उभी आहे का ते पाहायचे दोरीला बांधलेले वजन, लावला नाही. भिंत जशी होती तशीच तिच्यावर टाइल चिकटवली आणि नंतर टब भिंतीकडे सरकवला. टब पोटाला टेकला, तेव्हा डोक्याकडच्या कोपऱ्यात दोन बोटे जाईल एवढी फट उरली. त्या फटीत कागद कोंबून वरून पांढरे सिमेंट भरण्यात आले आणि काम झाले असे सांगण्यात आले. आता विचार करा, टबात दीडशे लिटर पाणी भरले म्हणजे दीडशे किलो भार आला, त्यात माणूस बसले. काठ किंचित खाली दबणारच. सिमेंटला लवचिकपणा नाही, ते पहिल्या काही आंघोळींतच तडकले. पाणी टबामागे उतरत राहिले, पलीकडच्या खोलीत धान्याच्या कोठीमागचा गिलावा ढपल्यांनी सुटला आणि तेव्हा कुठे घरच्यांना ओल कळली. मी स्वतः ती टाइल काढून पाहिली आहे. मागचा गिलावा नखाने खरवडला तरी भुग्यासारखा गळत होता. त्या म्हातारीला पुन्हा बादलीवर यावे लागले, याचा मला आजही राग आहे, कारण हे सारे अर्ध्या दिवसाच्या तपासणीने टळले असते.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवले आहे, म्हणून रीत थोडक्यात सांगतो. टबाच्या काठाच्या उंचीवर भिंतीला सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी आडवी धरावी, ओळंब्याने उभी रेघ पाहावी आणि कोपऱ्यात एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट मोजून तिरपे अंतर बरोबर पाच फूट येते का ते तपासावे, म्हणजे कोपरा काटकोनात आहे की नाही ते कळते. क्षार लागलेला गिलावा विटेपर्यंत खरवडून काढावा, पोट छिन्नीने उतरवावे आणि खळगे गोड्या पाण्यात कालवलेल्या एकास चार (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) गिलाव्याने भरावेत. थर जाड लागत असेल तर तो दोन वेळा द्यावा आणि आपल्या वैशाखात निदान आठवडाभर पाणी मारावे. गिलावा पुरता वाळल्यावर जलरोधक लेप द्यावा.

त्यानंतर टब आणावा, टाइलच्या आधी. टबाचे पाय फिरवून काठ पाणसाळीत, म्हणजे अगदी आडव्या समपातळीत, घ्यावा; पाणी वाहून जाण्याचा उतार टबाच्या तळातच असतो, म्हणून टब मुद्दाम तिरपा करू नये. भिंत आणि काठ यांत दोन सुतांपर्यंत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फट राहिली तर चालते, कारण आठ मिलिमीटरची टाइल आणि तिच्यामागचा चिकटवण्याचा थर मिळून ती झाकतात. त्याहून मोठी दिसली तर टब बाहेर काढून भिंत पुन्हा भरावी, कारण टाइलच्या मागे मसाला कोंबून ती भागत नाही. टाइलची पहिली ओळ काठाच्या वर एक सूत सोडून लावावी, म्हणजे भिंतीवरून ओघळणारे पाणी टबातच पडते. ती सुताची जागा सिलिकॉनने भरावी, पण टब आधी पाण्याने भरून ठेवावा आणि सिलिकॉन पुरते घट्ट होईपर्यंत, म्हणजे साधारण एक दिवस, तो रिकामा करू नये. टब दबलेल्या अवस्थेत सांधा जुळला तर पुढे तो ताणला जात नाही.

टबाच्या पुढच्या बाजूला, निचऱ्याच्या नळाजवळ, हात जाईल एवढी जागा ठेवून तिथली टाइल केवळ सिलिकॉनवर बसवावी, म्हणजे नळ तुंबल्यास ती न फोडता काढता येते.