एकाच गाडीचे दोन ड्रायव्हर

मित्रहो, फॉर्म्युला वनचा विषय निघाला की कुणीतरी हटकून विचारतंच, जिंकतं कोण, गाडी की ड्रायव्हर? मी जेन्सन बटन या ब्रिटिश ड्रायव्हरची दोन वर्षं तुमच्यासमोर ठेवतो.

२००८ साली बटन होंडाच्या गाडीत होता. अख्ख्या हंगामात त्याला गुण मिळाले तीन. डिसेंबरात होंडानं खेळातूनच अंग काढून घेतलं आणि संघाचा प्रमुख रॉस ब्रॉन यानं तो संघ एका पौंडाच्या नाममात्र किमतीत घेतला. पुढच्या वर्षी तोच बटन ब्रॉनच्या गाडीतून पहिल्या सातपैकी सहा शर्यती जिंकला आणि जगज्जेता झाला. मधल्या तीन महिन्यांत तो काही नव्यानं गाडी चालवायला शिकला नव्हता.

मग बदललं काय? बरंच काही, पण गाजला तो डिफ्यूझर. गाडीच्या मागच्या टोकाला, तळाशी, वर चढत जाणारा भाग असतो. त्यामुळे गाडीखालची हवा वेगानं ओढली जाते, खालचा दाब कमी होतो आणि गाडी रस्त्याला चिकटते. वळणावर जास्त वेग ठेवता येतो तो त्यामुळे. २००९च्या नियमांनी या भागाची ताकद कमी केली होती. ब्रॉन, टोयोटा आणि विल्यम्स या तीन संघांनी नियमांतली फट शोधून त्याला वरचा मजला बांधला! इतरांची तक्रार एप्रिलमध्ये फेटाळली गेली, मग त्यांनीही नक्कल सुरू केली. पण टोयोटा आणि विल्यम्स त्या वर्षी एकही शर्यत जिंकले नाहीत, हे सांगायचं सहसा राहून जातं. नुसत्या डिफ्यूझरवर भागलं नाही.

आता शेजारच्या गॅरेजमध्ये डोकावू. रुबेन्स बॅरिकेलो दोन्ही वर्षं बटनचा जोडीदार. सहकाऱ्याशी तुलना हीच ड्रायव्हरची खरी परीक्षा, असं आपण म्हणतो. मग बघा: २००८ मध्ये बॅरिकेलोचे गुण ११, बटनचे ३. २००९ मध्ये बटन ९५, बॅरिकेलो ७७. माणसं तीच, निकाल उलटा. त्या ११ पैकी ६ गुण इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनच्या एका पावसाळी दुपारचे, हेही खरं. आणि २००९च्या उत्तरार्धात बटनला एकही विजय नाही. व्हॅलेन्सिया आणि मोंझाच्या शर्यती बॅरिकेलोनं मारल्या. बटनचा हात हलका, टायरला जपणारा. उन्हात ते फायद्याचं. पण थंडीत त्याचे टायर तापायचेच नाहीत. म्हणून मी कौशल्याला एक आकडा द्यायला तयार नाही. कोणत्या गाडीत, कोणत्या टायरवर, हे आधी सांगा.

गाडी बदलली की तोच ड्रायव्हर कसा वेगळा दिसतो, याचं आणखी एक उदाहरण देतो. डिसेंबर २०२०, बहारीन. मर्सिडीजचा ड्रायव्हर हॅमिल्टन याला कोविड झाला म्हणून विल्यम्सच्या जॉर्ज रसेलला ऐन वेळी मर्सिडीजमध्ये बसवलं. विल्यम्समधून तोवर त्याला एकही गुण नव्हता. उंच पोरगा, पाय मावेनात, एक नंबर लहान बूट घालून बसला. पात्रता फेरीत मर्सिडीजचा दुसरा ड्रायव्हर बोटास याच्यापेक्षा ०.०२६ सेकंदांनी मागे, आणि शर्यतीत थेट आघाडीवर. मग पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या थांब्यावर, बोटासचे टायर त्याच्या गाडीला बसले, कारण ऐन वेळी रेडिओ नीट चालला नाही आणि निरोप अर्ध्या माणसांपर्यंत पोचलाच नाही. बदलायला पुन्हा आत यावं लागलं. तरीही वर चढत होता, तेवढ्यात टायर पंक्चर. नववा आला, तीन गुण मिळाले.