सरकारी दवाखान्यात आयव्हीएफ कुणाला मिळावं?

नमस्कार श्रोतेहो.

६ ऑगस्ट १९८६. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात एक मुलगी जन्माला आली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळमधल्याच सरकारी प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या कामातून जन्मलेली ही टेस्ट ट्यूब बेबी. स्त्रीबीज आणि शुक्राणू शरीराबाहेर एकत्र आणायचे आणि तयार झालेला गर्भ गर्भाशयात सोडायचा, हेच आयव्हीएफ. त्याआधी १९७८ मध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांनी हे करून दाखवलं होतं, पण त्यांच्या हयातीत त्यांचं म्हणणं कुणी मानलं नाही. केईएम हे महापालिकेचं रुग्णालय. गिरणगावातल्या बायाबापड्या केसपेपर काढून तिथल्या रांगेत उभ्या राहायच्या. म्हणजे हे तंत्र आपल्या राज्यात रुजलं ते लोकांच्या पैशावर, लोकांच्या दवाखान्यात. आज मात्र आयव्हीएफ म्हटलं की खाजगी सेंटरच आठवतं.

तिथे एका फेरीला साधारण दीड-दोन लाख रुपये लागतात, आणि पहिल्याच फेरीत गर्भ राहील असं कुठलाही प्रामाणिक डॉक्टर सांगत नाही. दागिने गहाण पडतात, जमिनीचा तुकडा जातो. आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत आहेत, पण वंध्यत्वावरचे असे उपचार त्यातून वगळलेले आहेत. हे वगळणं मला अन्यायाचं वाटतं.

याचं एक कारण क्षयरोग. टीबी फक्त फुप्फुसांचा नसतो. तो गर्भाशयाला आणि गर्भनलिकांनाही होतो, आणि आपल्याकडे नळ्या बंद होण्याचं ते एक मोठं कारण आहे. टीबीच्या गोळ्या सरकार फुकट देतं, ते योग्यच आहे. बाई बरी होते, पण खराब झालेल्या नळ्या बहुतेक वेळा तशाच राहतात. मग तिला मूल हवं असेल तर आयव्हीएफ हाच मार्ग उरतो, आणि तिथे सरकार म्हणतं, आता तुमचं तुम्ही बघा. दाटीवाटीच्या खोलीत राहणाऱ्या, अर्धपोटी बाईला जडलेल्या आजाराचा हा उरलेला भाग आहे. तो चैनीत कसा मोजायचा?

लोकसंख्या एवढी वाढलेली असताना सरकारनं हा खर्च का करावा, असं पुष्कळ जण विचारतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा प्रजननदर, म्हणजे एका बाईमागे होणारी सरासरी मुलं, १.७ निघाला, गोव्याचा १.३. लोकसंख्या आहे तेवढी टिकवायलाही २.१ लागतो. शिवाय, लोकसंख्येचा हिशेब मूल नसलेल्या बाईच्या पदरात कशासाठी टाकायचा? ओटी भरायला तिला बोलावत नाहीत, बारशाला ती मागे उभी राहते, आणि घरात नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाचं बोलणं सुरू होतं.

गोव्यानं २०२३ मध्ये बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात मोफत आयव्हीएफ सुरू केलं. मुंबईत कामा रुग्णालयातही सरकारी केंद्र आलं आहे. दोन्हींचं मनापासून स्वागत. पण उपचार फुकट झाला म्हणजे तो सगळ्यांना मिळाला, असं होत नाही. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दहा-बारा दिवस रोज पोटात इंजेक्शन. त्यातली काही फ्रिजमध्ये ठेवावी लागतात. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी. शेवटचं इंजेक्शन घड्याळ लावून, कारण त्यानंतर साधारण ३५-३६ तासांनी स्त्रीबीजं काढायची असतात. मग तीन किंवा पाच दिवसांनी गर्भ गर्भाशयात सोडायचा. गोव्याच्या दक्षिण टोकाच्या काणकोणहून बांबोळीला सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाता येतं. नंदुरबारमधल्या धडगावच्या बाईनं मुंबईत दोन-तीन आठवडे कुठे राहायचं? दोघांची मजुरी बुडते ती कोण भरून देणार? महाराष्ट्राला हे काम करायचं असेल तर विभागवार सरकारी मेडिकल कॉलेजांत केंद्रं हवीत आणि शेजारी राहायची सोय हवी.

पैसा अपुरा आहे, म्हणून कुणाला आधी घ्यायचं हे ठरवावं लागेल, हे मला मान्य आहे. आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीच्या २०२१ च्या कायद्यानं बाईसाठी ५० आणि पुरुषासाठी ५५ ही वयाची कमाल मर्यादा घातली आहे. सरकारी खर्चासाठी ती आणखी खाली आणली तरी समजू शकतं, कारण चाळिशीनंतर यश फार कमी होतं. पण नवऱ्याला पहिल्या बायकोपासून मूल आहे म्हणून दुसरीला नाकारायचं, हा इंग्लंडमध्ये अनेक ठिकाणी चालणारा नियम आपल्याकडे आणू नये. आपल्या कायद्यानं एकट्या बाईलाही या उपचाराची मुभा दिली आहे. तेव्हा विधवा किंवा परित्यक्ता सरकारी खिडकीशी आली तर तिला ‘नवऱ्याची सही आणा’ म्हणून परत पाठवता कामा नये.

आणि आयव्हीएफच्या आधीचं एक काम तर तालुक्यालाच होऊ शकतं. मूल न होण्याची कारणं जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही असतात. वीर्यतपासणी ही स्वस्त आणि साधी तपासणी आहे. तरी बाईच्या सगळ्या तपासण्या, अंगारे-धुपारे, उपासतापास उरकल्यावर, कधी वर्षानुवर्षांनी नवऱ्याची पाळी येते. तोवर तिचं वय निघून जातं. ऐकणाऱ्यांमध्ये असं जोडपं असेल तर पहिल्या दिवशी दोघं मिळून जा, दोघांच्या नावाचा केसपेपर काढा, आणि नवऱ्याची तपासणी त्याच आठवड्यात करून मागा.