घाटाआधी पोचलेला भाव

श्रोतेहो, नमस्कार.

पसरणीच्या घाटातून पाचगणीकडे किती गाड्या चढतात, यावरून पर्यटनाची नाडी ओळखायची आपल्याला साताऱ्यात सवय. शेअर बाजाराला एवढा धीर नसतो.

मार्च २०२० आठवा. रविवारी जनता कर्फ्यू झाला. सोमवारी, २३ तारखेला, सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, १० टक्के कोसळला, पाऊण तास व्यवहार थांबले आणि दिवसअखेर घसरण ३,९३४ अंकांवर गेली. मंगळवारी रात्री आठला २१ दिवसांचा लॉकडाऊन जाहीर झाला. आता गंमत बघा. बुधवारी वेण्णा लेकवर चिटपाखरू नाही, आणि सेन्सेक्स मात्र जवळपास ७ टक्के वर! सरकारी मदतीची आशा होतीच. शिवाय 'बंद'ची भीती भावात आधीच उतरली होती.

पर्यटनाचे शेअर इतरांपेक्षा जास्त का आपटतात? उरलेल्या स्ट्रॉबेरीचा जॅम तरी होतो. हॉटेलची खोली आज रिकामी राहिली, की ती रात्र गेलीच. पगार, वीज, कर्जाचे हप्ते कुणासाठी थांबत नाहीत. म्हणून गिऱ्हाईक थोडं घटलं तरी नफा सगळाच वाहून जातो, आणि परतलं तर तितक्याच वेगानं येतो.

९ नोव्हेंबर २०२० ला फायझर या औषध कंपनीनं आपली कोरोनावरची लस ९० टक्क्यांहून जास्त प्रभावी असल्याचं जाहीर केलं. कार्निव्हल या क्रूझ कंपनीचा शेअर त्या एका दिवसात सुमारे ३९ टक्के उसळला. अमेरिकेच्या बंदरांतून तिची प्रवासी जहाजं तेव्हा सुटतही नव्हती! घरबसल्या व्हिडिओ बैठकांवर वाढलेल्या झूम कंपनीचा शेअर त्याच दिवशी सुमारे १७ टक्के पडला.

पण 'उघडलं' या शब्दावर भाळू नका. आपल्या राज्यात ८ जुलै २०२० पासून लॉजना परवानगी मिळाली, ती ३३ टक्के क्षमतेची. तीन खोल्यांतली एक विकून तिन्हींचा खर्च निघत नाही, हे महाबळेश्वरच्या कुठल्याही लॉजवाल्याला विचारा. घोषणा ऐकली, की मी तरी आधी त्यातली टक्केवारी शोधतो.

२६ नोव्हेंबर २०२१ ला कोरोना विषाणूच्या ओमायक्रॉन या नव्या प्रकाराच्या बातमीनं सेन्सेक्स जवळपास १,७०० अंक पडला. त्याचे भारतातले पहिले रुग्ण मात्र जाहीर झाले २ डिसेंबरला.