उपवनचे काका आणि सिंह रास

श्रोतेहो, नमस्कार. पहाटे ठाण्याच्या उपवन तलावावर जा. सत्तरीचे काका झपाझप फेऱ्या मारताना दिसतील. रोज चालतात म्हणून ठणठणीत, असं आपण म्हणून टाकतो. पण ज्यांचे गुडघे गेले किंवा जिना चढताना धाप लागते, ते काका घरीच असतात. चालल्यामुळे तब्येत चांगली की तब्येत चांगली म्हणून चालणं जमतंय? नुसतं मोजून हे कळत नाही.

ही शंका किरकोळ नाही. अमेरिकेत 1976 साली परिचारिकांची मोठी पाहणी सुरू झाली. पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांमध्ये हृदयविकार बराच कमी दिसला. मग 16,608 बायकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले; एकाला खरी गोळी, दुसऱ्याला खोटी. 2002 साली तो प्रयोग मुदतीआधीच थांबवावा लागला, कारण गोळीवाल्यांत स्तनाचा कॅन्सर वाढला आणि हृदयविकारही कमी न होता थोडा जास्तच निघाला. दोन निकालांतल्या या फरकात बायकांच्या वयाचाही भाग होता. पण एक गोष्ट उघड होती: आपणहून गोळ्या घेणाऱ्या बायका मुळातच सुस्थितीतल्या, डॉक्टरकडे वेळेवर जाणाऱ्या होत्या.

बातमीत 'लक्षणीय फरक' असतो, त्याचा अर्थ एवढाच की मुळात काही संबंध नसता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने शंभरात पाचापेक्षा कमी वेळा दिसला असता. कारण कोणतं, यावर तो आकडा गप्प असतो. शिवाय शंभर गोष्टी तपासल्या की चारपाच अशाच हाती लागतात. कॅनडातल्या ऑन्टॅरिओत संशोधकांनी मुद्दाम राशी तपासल्या, तर सिंह राशीच्या लोकांना पोटातल्या रक्तस्रावाचा धोका 'लक्षणीय' जास्त! 2006 साली हे रीतसर छापून आलं. (आपल्याकडे याची शांतही निघाली असती.)

पण म्हणून पाहण्या टाकाऊ ठरत नाहीत. सिगारेट ओढा म्हणून चिठ्ठ्या काढता येत नाहीत. ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल या संशोधकांनी 1951पासून डॉक्टरांचीच नोंद ठेवली. जितक्या सिगारेटी जास्त, तितका फुप्फुसाचा कॅन्सर जास्त. सोडली की धोका उतरतो. पन्नास वर्षांचा हिशेब 2004 साली आला: तिशीत सोडणाऱ्याची सुमारे 10 वर्षं वाचतात, साठीत सोडली तरी 3.